एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट

१

साई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. दसगुडे यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दीक्षाला म्हणाले, "वाच."

दोन्ही कागदांवर नाव एकच होतं. साई भैरवनाथ शितोळे, मुक्काम दौंड. तपासणीही एकच. पहिला कागद त्यांच्याच लॅबचा, शिरूरचा, दीड महिन्यापूर्वीचा. साई तेव्हा दोन महिन्यांचा होता. सीडी-१८ असलेल्या पांढऱ्या पेशी अठ्ठ्याण्णव टक्के, शेरा नॉर्मल. दुसरा कागद पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाचा, गेल्या गुरुवारचा. त्यात त्याच पेशी अर्धा टक्कासुद्धा नव्हत्या.

"हे प्रोटीन जन्मापासून असतं, नाहीतर जन्मापासून नसतं," डॉक्टर म्हणाले. "दीड महिन्यात कुठं पळून जात नाही. पुण्यातले लोकही गोंधळले. दोन रिपोर्ट जुळेनात म्हणून परत तपासायचं ठरवलं त्यांनी. तोवर पोरगं राहिलं नाही."

दीक्षा ओव्हाळ या लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करत होती. कोणता कागद खोटा, हे तिला विचारावं लागलं नाही.

पांढऱ्या पेशी रक्तातून कायम वाहत असतात. कुठं जखम झाली, जंतू शिरले, की त्यांना तिथं थांबावं लागतं, नसेच्या भिंतीला चिकटून बाहेर पडावं लागतं. चिकटायला त्यांच्या अंगावर जे प्रोटीन असतं त्यात सीडी-१८ लागतंच. ज्या बाळाला ते नाही, त्याच्या पेशी जखमेवरून नुसत्या वाहून जातात. रक्तात पेशींची दाटी होते आणि जखमेत एकही पोचत नाही. वेळेत कळलं तर दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन असं मूल वाचू शकतं. म्हणून तर ही तपासणी. रक्तात एक अँटीबॉडी घालायची. ती नेमकी सीडी-१८ ला जाऊन धरते, आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या मशीनमधून एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. चमकली तर प्रोटीन आहे, नाही चमकली तर नाही.

"सॅम्पल बदललंय," डॉक्टर म्हणाले. "पप्पूनं रस्त्यात, नाहीतर सारिकानं काउंटरवर. शुक्रवारपर्यंत मला नाव पाहिजे. एकाला तरी घरी बसवावं लागेल."

दीक्षा पहिल्या कागदाच्या तळाकडे बघत होती. तिथं सही होती. तिची स्वतःची.

२

त्या आठवड्यात ती रजेवर होती. इनामगावला ओट्यावरून पडून आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सही कॉम्प्युटर आपोआप टाकतो, हे खरं. पण कागद वाचणाऱ्याला ते कुठं माहीत असतं?

सारिका काउंटरवर नोंदणी करायची. दीक्षाने विचारताच तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी नाव दोनदा वाचते. बाटलीवरचं आन् कागदावरचं. त्या दिवशी अकरा सॅम्पल होती. दौंडचं एकच."

"घाईत नावाची चिकटपट्टी इकडची तिकडं?"

"न्हाई हो." आणि मग हळूच, "मला काढणार का?"

दीक्षाने मशीनच्या कॉम्प्युटरवर त्या दिवसाची जुनी फाइल उघडली. रिपोर्टवर नुसता आकडा जातो, पण मशीन प्रत्येक पेशीचा एक ठिपका जपून ठेवतं. साईच्या नावाचं चित्र पडद्यावर आलं आणि ती पुढे झुकली.

जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा ढग एवढा दाट होता की पडद्याचा तो कोपरा काळाकुट्ट झाला होता. दौंडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर त्याच दिवशीचा पेशींचा आकडा लिहून पाठवला होता, बावन्न हजार. निरोगी बाळात दहा-बारा हजार असतात. बाकीच्या दहा सॅम्पलची चित्रं तिने एकामागून एक उघडली. अशी दाटी एकातही नव्हती.

म्हणजे रक्त बदललेलं नव्हतं. साईचंच रक्त साईच्याच नावावर मशीनमध्ये गेलं होतं. ज्या रक्तात सीडी-१८ नव्हतंच, ते रक्त चमकलं होतं.

३

"मग रस्त्यात नासलं असेल," डॉक्टर म्हणाले. "बोलाव पप्पूला."

पप्पू पन्नाशीचा, वडगाव रासाईचा. दौंड, केडगाव, न्हावरा इथली सॅम्पलं मोटरसायकलवर आणायचं काम त्याच्याकडे होतं. दीक्षा गेली तेव्हा तो लॅबच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी थंड पेटी धूत होता. तिने काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "खोटं न्हाई बोलायचा मॅडम. त्या दिशी न्हावऱ्याच्या अलीकडं टायर बसला. दोन तास गेलं. पेटी उन्हात व्हती. भ्यालो, म्हून कुणाला बोललो न्हाई."

"आत्ता का बोलताय?"

"मातीला गेलतो काल. दौंडला." त्याने पेटी उपडी घातली. "त्या बाईला, शितलला, समद्यांच्या म्होरं सासू बोलत व्हती. म्हणं नाळ नीट राखली न्हाई, घाण हात लावलं, एकेचाळीस दिस नाळ पडली न्हाई, मंग सडणारच की. रिपोर्टात रगात चांगलं आल्यालं हाय, मंग रोग आला कुठनं? आईच्या हातनंच ना? अन् ती पोरगी खाली मान घालून बसल्याली. एक शबुद न्हाई. तिला बी तसंच वाटतंय मॅडम."

दीक्षा टाकीच्या कठड्यावर बसली. नाळ गळून पडायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. उशिरा पडणारी नाळ ही या आजाराची पहिली खूण. दौंडच्या डॉक्टरांनी ती ओळखली होती, म्हणून तर रक्त शिरूरला पाठवलं होतं. आणि शिरूरने कागदावर लिहून दिलं की रक्तात काही दोष नाही.

"माझ्यामुळं झालं का?" पप्पूने विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"उन्हानं रक्त खराब झालं असतं तर पेशी मेल्या असत्या, पप्पूभाऊ. चमक कमी झाली असती. चांगल्याचं वाईट दिसलं असतं. इथं उलटं झालंय. नसलेलं दिसलंय."

पप्पूला ते किती कळलं कोण जाणे. त्याने एवढंच विचारलं, "मंग चमकलं कशानं?"

४

सतीश मशीन चालवायचा. अठ्ठावीस वर्षांचा, हाताचा साफ, आणि थोडा तापट. दीक्षा नसताना साईची तपासणी त्याने एकट्याने केली होती.

"मी आकडे बनवले असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. फाइल आहे, ठिपके आहेत. ते बनवता येत नाहीत. मला फक्त दुसरी नळी दाखव."

सतीशने हातमोजे काढून ठेवले.

या तपासणीत रक्ताच्या दोन नळ्या करायच्या असतात. एका नळीत सगळ्या अँटीबॉडी घालायच्या. दुसरीत सीडी-१८ ची सोडून बाकी सगळ्या. दुसरी नळी त्या रंगात अंधारी राहिली पाहिजे. ती अंधारी राहिली, तरच पहिलीच्या चमकेवर विश्वास ठेवायचा.

"दुसरी नळी लावलीच नाही," सतीश म्हणाला. "रक्त अर्धा मिलीसुद्धा नव्हतं, मॅडम. एवढंसं पोरगं. परत बोलावून परत सुई टोचायची? निरोगी माणसाचं रक्त सोबत लावलं होतं, ते नीट चमकलं. मला वाटलं, पुरे झालं."

तिला राग यायला हवा होता. पण ती असती तर काय केलं असतं? कदाचित तेच. तिने त्याला बाजूला बसवलं आणि साईची फाइल पुन्हा उघडली. या वेळी तिने वेगळं चित्र मांडलं. आडव्या रेषेवर सीडी-१८ चा रंग, उभ्या रेषेवर सीडी-४५ चा. सीडी-४५ प्रत्येक पांढऱ्या पेशीवर असतं. ते फक्त पांढरी पेशी कोणती हे ओळखायला वापरतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेव्हा ठिपक्यांचे ढग वेगवेगळे, कसेही पसरलेले दिसायला हवेत.

पडद्यावर ढग नव्हते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ठिपक्यांची एक सरळ तिरकी रेघ होती. ज्या पेशीवर सीडी-४५ जास्त, तिच्यात सीडी-१८ चा रंगही बरोबर तेवढाच जास्त. हजारो पेशी, आणि एकही त्या रेघेच्या बाहेर नाही.

सतीशने खुर्ची पुढे ओढली. "हे सीडी-१८ नाहीच," तो म्हणाला.

"नाही," दीक्षा म्हणाली. "सीडी-४५ च त्याच्या रंगात दिसतंय. फ्रीजमधली ती कुपी आण."

५

सीडी-४५ च्या अँटीबॉडीला जोडरंग लावलेला होता. दोन रंग एकमेकांना बांधलेले. पहिला लेझरचा उजेड घेतो आणि दुसऱ्याला देतो, आणि चमकतो तो दुसरा. ही बांधणी नाजूक असते. कुपीला फार वेळ उजेड लागला तर ती तुटते. मग पहिला रंग उजेड दुसऱ्याला देत नाही, स्वतःच चमकत बसतो. आणि या जोडीतला पहिला रंग नेमका तोच होता, जो सीडी-१८ च्या अँटीबॉडीला लावलेला होता.

दीड महिन्यापूर्वीच्या त्या कुपीच्या तळाशी अजून थोडं औषध शिल्लक होतं. सीडी-१८ ची तपासणी त्यानंतर आलीच नव्हती. बाकीच्या तपासण्यांत ही कुपी आपलं अर्धंमुर्धं काम करत राहिली आणि कुणाला शंका आली नाही.

दीक्षाने सतीशकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं. दोन नळ्या केल्या. दोन्हींत सीडी-१८ ची अँटीबॉडी घातलीच नाही. एकीत जुन्या कुपीतलं सीडी-४५, दुसरीत नव्या, गेल्याच आठवड्यात आलेल्या, न उघडलेल्या कुपीतलं. अर्धा तास थांबून मशीन चालू केलं.

नव्या कुपीची नळी अंधारी राहिली. जुन्या कुपीची नळी सीडी-१८ च्या रंगात चमकली. शहाण्णव टक्के. आणि तीच तिरकी रेघ.

सतीशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण उजेड लागला कुठं?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "कुप्या काळ्या डब्यात असतात. डबा फ्रीजमध्ये. मी एकदाही बाहेर ठेवला नाही, आईशप्पथ."

दाराशी सारिका उभी होती. कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"डीपी जळाली व्हती तवा," ती म्हणाली. "साईचं सॅम्पल आलं त्याच्या आधी दोन दिस लाइट नव्हती. इन्व्हर्टर बी बसला. सतीशसर पुण्याला ट्रेनिंगला गेलते. मी एकटीच. फ्रीज गरम व्हायला लागला, म्हून समदं मच्छिंद्रमामांच्या मेडिकलात नेऊन ठिवलं. त्यांची लाइट दुसऱ्या लाइनीवर हाय."

मेडिकल तीन दुकानं सोडून होतं. मच्छिंद्रमामा मनमोकळा माणूस. आपण मदत केली याचा त्यांना अजून अभिमान होता. त्यांनी फ्रीज दाखवला. पुढून काच, आत वरपासून खालपर्यंत ट्यूबलाइट, दिवसरात्र चालू, गिऱ्हाइकाला औषधं दिसावीत म्हणून.

"डबा मावंना हो मॅडम. मंग मी बाटल्या काढून हितं म्होरं ओळीनं लावल्या. बारक्या हायेत, पडतील म्हून नीट उभ्या केल्या. दोन दिवस. थंडगार ऱ्हायल्या, काय बिघडलं न्हाई ना?"

"नाही मामा," दीक्षा म्हणाली. त्या माणसाला आणखी काय सांगणार?

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने सारिकाला विचारलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस? आणि तिथं ठेवायचं ठरवलं कुणी?"

बाजार समितीकडे जाणारा कांद्याचा ट्रॅक्टर घरघरत पुढे गेला.

"मी तुम्हाला फोन केलता, मॅडम. तुम्ही आईपाशी दवाखान्यात व्हता. तुम्ही म्हणाला, कुठं बी ठेव, पण थंड ठेव. तुमचं नाव कसं घ्यायचं मी?"

दीक्षाला फोन आठवला. दवाखान्याचा जिना, आत कण्हणारी आई, हातात एक्स-रेचं पाकीट. थंड ठेव म्हणाली होती. अंधारात ठेव म्हणाली नव्हती. एकवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी ती नव्या पोरांना ओरडत आली होती, तो एक शब्द त्या दिवशी तोंडातून निघाला नव्हता.

६

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पप्पूचा दोष नाही. सारिकाचाही नाही," दीक्षा म्हणाली. "शुक्रवारपर्यंत नाव पाहिजे होतं तुम्हाला. लिहा, दीक्षा ओव्हाळ."

"आणि तुझं नाव लिहून काय करू?" ते थकल्यासारखे बोलले. "असं करू. सॅम्पल वाहतुकीत खराब झालं, एवढंच लिहू. कुणाचं नाव नको. हे बाहेर गेलं तर लॅबला कुलूप लागेल. आज फ्रीजमध्ये नऊ सॅम्पलं आहेत, त्यातली दोन ब्लड कॅन्सरची. ती कुठं पाठवू? पोर तर परत येणार नाही."

त्यांचं म्हणणं सगळंच चूक होतं असं नाही. तिला तेच सहन होईना. तिने जागेवर जाऊन सुधारित रिपोर्ट लिहिला. काय झालं, कशामुळे झालं, कुणाच्या सांगण्यावरून झालं. या वेळी सही पेनाने केली. एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, दुसरी पिशवीत घातली आणि दौंडची एसटी धरली.

शितोळ्यांचं घर रेल्वेच्या चाळीत होतं. भैरवनाथ रेल्वेत ट्रॅकमन. तो दारातच उकिडवा बसला होता. आत शितल भिंतीला टेकून बसली होती, पंचविशीची, अंग अजून बाळंतपणातून न सावरलेलं. सासू धुरपदाबाई भेटायला आलेल्या पाहुण्यांना चहा देत होत्या.

"लॅबच्या मॅडम," भैरवनाथ आत बघून म्हणाला.

दीक्षा शितलसमोर खाली बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता सुचेना.

"आमचा रिपोर्ट चुकला होता," ती म्हणाली. "साईला जन्मापासूनच आजार होता. रक्तातच. म्हणून नाळ पडत नव्हती. तू काही केलं म्हणून नाही. कुणी कितीही राखली असती तरी ती वेळेत पडली नसती."

शितलने पहिल्यांदाच वर बघितलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

दीक्षाने परत सांगितलं. मोठ्याने. धुरपदाबाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. पाहुण्यांपैकी एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

"मंग बरोबर रिपोर्ट आला असता तर?" हे भैरवनाथने विचारलं. तो उठून आत आला होता.

खोटं बोलणं सोपं होतं. काही उपयोग झाला नसता, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"दीड महिना हातात मिळाला असता. पुण्याला किंवा मुंबईला नेता आलं असतं. दुसऱ्याची अस्थिमज्जा देतात, हाडातला मगज. जुळली तर बरीच मुलं वाचतात."

"कुणाची जुळते?"

"सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता असते. चारात एकदा."

शितलची नजर मोरीच्या दाराकडे गेली. तिथं सहा वर्षांची एक मुलगी हातात तांब्या घेऊन उभी होती.

"नकुशे, पाणी दे की पावण्यांना," धुरपदाबाई सवयीने म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता थांबल्या.

पोरगी आली, दीक्षासमोर तांब्या ठेवला आणि आईला चिकटून बसली. शितलने तिच्या पाठीवर हात ठेवला. मणक्यावरून वर, मणक्यावरून खाली, हाडं चाचपावीत तसा तो हात फिरत राहिला.

"हिचं जुळलं असतं?"

"माहीत नाही. तपासलं असतं तर कळलं असतं."

धुरपदाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. नातीकडे बघत राहिल्या, जणू ती आजच घरात आली होती. भैरवनाथने हात पुढे केला. दीक्षाने पिशवीतला कागद दिला. त्याने तो एकेक ओळ बोटाखाली धरून वाचला. सहीपाशी आला तेव्हा त्याचं बोट तिथंच थांबलं, मग त्याने नुसतीच मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ दीक्षाला लागला नाही.

"आधी का न्हाई आला तुम्ही?" शितल म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

बाहेरून मालगाडी जायला लागली. लांबच लांब गाडी होती. ती जाईपर्यंत कुणाला काही बोलता आलं नसतं. दीक्षाला कुणी जा म्हणालं नाही. तिलाही उठता येईना.